पोटखराब : एका फुटबॉल ग्राउंडच्या मागे खान्देशात पाच दिवस

जानेवारीत सरांचा फोन आला. सर म्हणजे आमचे शाळेतले पीटीचे सर, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी तापीकाठच्या आमच्या गावातला फुटबॉल क्लब अजून तेच चालवतात. वडिलांच्या नोकरीमुळे मी तिथे पाचवी ते दहावी होतो आणि सहाही वर्षं लेफ्ट बॅक खेळलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण विषय अजून मिटलेला नाही. सर म्हणाले, "बेटा, आपल्या क्लबला एक पार्टी मिळाली आहे. तू ते इंग्लंडच्या लहान लहान क्लबांचं वाचत असतो ना, मग एकदा येऊन कागद बघून जा."

पार्टी म्हणजे प्लॉटिंगवाले एक शेठ. वर्षाला दोन लाख, सगळ्या पोरांना किट, गोलपोस्ट नवीन, टूर्नामेंटचं पहिलं बक्षीस त्यांच्याकडून. बदल्यात क्लबच्या नावापुढे त्यांच्या वडिलांचं नाव, कमिटीत त्यांची पाच माणसं आणि ग्राउंडची देखभाल त्यांच्याकडे. बाकी सगळं ठीक वाटलं पण ‘देखभाल’ हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. मी पाच दिवसांची सुट्टी टाकली. थेट गावात न जाता आधी भुसावळ, जळगाव, अमळनेर, धुळे असं करत जायचं ठरवलं, म्हणजे आपल्याच भागात लोक क्लब कसे चालवतात ते चार जणांना विचारून मग मीटिंगला बसता येईल.

दिवस पहिला, शनिवार : भुसावळ

पुण्यातून रात्री महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली. ही गाडी कोल्हापूरहून निघून गोंदियाला जाते. समोरच्या बर्थवर कोल्हापूरचेच एक काका होते, नागपूरला लेकीकडे निघालेले, आणि फुटबॉल शब्द ऐकल्यावर त्यांची झोपच उडाली. शाहू स्टेडियम, पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, एकेका पेठेची एकेक तालीम आणि तिची टीम. मी विचारलं मालक कोण असतो हो तुमच्याकडे, तर ते जरा वेळ माझ्याकडे बघतच राहिले. "मालक कसला? पेठ आहे की." एवढंच म्हणाले आणि मग वर्गणी कशी गोळा होते, कोण दूध देतं, कोण अंडी देतं ते नगर येईपर्यंत सांगत होते. कोल्हापूरला पण पैशाची ओढाताण आहेच, बाहेरून आणलेल्या खेळाडूंच्या मानधनावरून कुरबुरी आहेत हे त्यांनीच सांगितलं. पण पेठ उठून दुसऱ्या शहरात जाऊ शकत नाही ना.

मनमाडनंतर जाग आली तेव्हा अंधार होता, चाळीसगावच्या पुढे उजाडायला लागलं, आणि जळगाव सोडल्यावर केळीच्या बागा सुरू झाल्या की मला घरी आल्यासारखं होतं. भुसावळला मावशीकडे उतरलो. मावशीचे दीर रेल्वेत ड्रायव्हर होते आणि टीमचे गोलकीपर. बोटं अजून वाकडी आहेत, डाव्या हाताची दोन. जेवायला भरीत-पुरी होती, वांगी काड्यांवर भाजलेली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, आणि जेवता जेवता दीरकाका बोलत होते.

त्यांच्या काळी फुटबॉल म्हणजे नोकरी. स्पोर्ट्स कोट्यातून भरती व्हायची, सकाळी प्रॅक्टिस, मग ड्युटी, टूर असला की स्पेशल रजा. क्लब चालवायला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही कारण पगार साहेब देत होता. पण याची दुसरी बाजूही त्यांनीच काढली. साहेब बदलला, नव्याला क्रिकेट आवडायचं, की बूटसुद्धा वेळेवर मिळायचे नाहीत. "टीम आमची नव्हतीच रे भो, टीम ऑफिसची होती, आम्ही फक्त खेळायचो."

हे ऐकून मला देशातल्या मोठ्या टीम आठवल्या. मुंबईची महिंद्रा युनायटेड २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकलेली, कंपनीने २०१० मध्ये बंद करायचं जाहीर केलं. पंजाबमधल्या फगवाड्याची जेसीटी, १९९६-९७ ची पहिलीवहिली नॅशनल लीग जिंकणारी टीम, २०११ मध्ये संपली. पुण्यात तर मी डोळ्यांनी बघितलंय. बालेवाडीला आम्ही दहा-वीस जण ठरवून जायचो, पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या लीगमध्ये, दुसरी आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत गुंडाळलीसुद्धा. भारत एफसी एकच सीझन खेळली. डीएसके शिवाजीयन्सने २०१७ नंतर खेळ थांबवला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेली आणि तिच्या जागी हैदराबादची टीम आली. एका शहरातल्या चार टीम! यातली एकही टीम मॅच हरत होती म्हणून बंद झाली नाही, वर बसलेल्यांनी हात आखडता घेतला आणि संपलं. माझ्याकडे पुणे एफसीचा मफलर अजून आहे. तेव्हापासूनच मी इंग्लंडच्या तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनच्या क्लबांचं वाचायला लागलो, कारण तिकडे क्लब मरतात तसे लोक ते परत उभेही करतात, ते कसं करतात हे मला समजून घ्यायचं होतं.

दिवस दुसरा, रविवार : जळगाव

भुसावळ-जळगाव अर्ध्या तासाचा रस्ता. जळगावात एक मित्र पोरांना फुटबॉल शिकवतो, नोकरी एका दुकानात आणि सकाळ-संध्याकाळ कोचिंग. त्याने मला त्याची वही दाखवली. खरं सांगतो, पाच दिवसांत मी बघितलेली सगळ्यात प्रामाणिक वस्तू म्हणजे ती वही.

शंभर पानी, निळ्या कव्हरची, डावीकडे जमा उजवीकडे खर्च. जमा बाजूला फी, तीही निम्म्या पोरांचीच, ‘बाकी’ असं लिहिलेली नावं लाल पेनने आणि त्यातली काही पुढच्या महिन्यात पण लालच. खर्च बाजूला फक्कीची पोती, बॉलचे ब्लॅडर, पंचांचं मानधन, क्रुझरचं भाडं, पोरांची अंडी, एका पोराच्या पायाचा एक्स-रे. केळी मात्र खर्चात नाहीत, ती रावेरकडचा एक पालक घडाने पाठवतो. गोलची जाळी फाटली होती ती केळीचे घड बांधायच्या दोरीने विणलेली, मी हात लावून बघितली, पक्की होती. आणि दर महिन्याच्या शेवटी एक ओळ: ‘तूट – स्वतः’. बारा महिने बारा वेळा तीच ओळ. त्याच्या बायकोला ती ओळ माहीत आहे का विचारायचा मला धीर झाला नाही.

त्याला मी सीएसआरचं विचारलं. कंपनी कायदा २०१३ च्या १३५ कलमाखाली ठराविक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना सामाजिक कामाला पैसे द्यावे लागतात आणि त्या यादीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण बसतं. मग घोडं अडतं कुठे? कागदावर. संस्था रजिस्टर पाहिजे, आयकराची १२ए नोंदणी पाहिजे, ८०जी पाहिजे, वर सीएसआर-१ फॉर्म भरलेला पाहिजे, ऑडिट झालेलं पाहिजे. त्याच्याकडे फक्त वही. एका कंपनीच्या साहेबांनी त्याचं काम बघून कौतुक केलं, पाठ थोपटली आणि कागद मागितले, तिथेच विषय संपला. म्हणजे पैसे आहेत, द्यायला तयार आहेत, पण घ्यायला हात नाही.

रात्री शेवभाजी खाल्ली. तिखटाने डोक्यातून घाम निघाला आणि बरं वाटलं.

दिवस तिसरा, सोमवार : अमळनेर

जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीने धरणगाव आणि मग अमळनेर. बोगीत कॉलेजची पोरं-पोरी होती, खिडकीतून थंडगार वारा आणि हरभऱ्याची शेतं. अमळनेरला मी खरं तर फुटबॉलसाठी गेलोच नव्हतो, शेअरसाठी गेलो होतो.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आज जगभर माहीत असलेली विप्रो कंपनी १९४५ साली या अमळनेरात सुरू झाली, नाव होतं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, काम वनस्पती तूप करायचं, आजूबाजूला शेंगदाणा भरपूर. कंपनीने शेअर काढले तेव्हा गावातल्या लोकांनीही ते घेतले, आणि पुढे १९६६ मध्ये वडील गेल्यावर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट सोडून परत आले, कंपनी तुपातून कॉम्प्युटरकडे गेली, आणि ज्या घरांनी ते जुने कागद ट्रंकेत जपून ठेवले त्यांचं आयुष्य बदललं. अमळनेरात हे कोणालाही विचारा.

माझ्या ओळखीचे एक जिभाऊ आहेत तिथे, त्यांच्या घरी चहाला गेलो. त्यांच्या आजोबांनी घेतलेल्या शेअरांपैकी काही वडिलांनी बहिणीच्या लग्नात विकले, उरलेले आईने विकू दिले नाहीत. मी त्यांना म्हटलं जिभाऊ, मला पैशाचं नको, एक सांगा, तुमच्या घरच्यांना त्या फॅक्टरीबद्दल काय वाटायचं? ते म्हणाले, "भोंगा वाजला की माय म्हणायची, चला आपली फॅक्टरी सुटली." आपली फॅक्टरी! हातात असतील दहा-पंधरा कागद, पण शब्द आपली.

मी त्यांना पोर्ट्समथचं सांगितलं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं बंदराचं गाव, २००८ चा एफए कप, म्हणजे तिकडची मोठी स्पर्धा, जिंकलेला क्लब, एकामागून एक मालक आले, कर्ज करून खेळाडू घेतले आणि २०१० ला एकदा, २०१२ ला परत, क्लब दिवाळखोरीच्या दारात. शेवटी एप्रिल २०१३ मध्ये लोकांच्या ट्रस्टने क्लब घेतला. एकेक हजार पाउंडाचा शेअर, आणि ज्याला एकट्याला जमत नाही त्यांनी कॉन्ट्रिब्युशन काढून घेतला. जुनी देणी फेडली, क्लब ताळ्यावर आणला आणि २०१७ मध्ये त्याच लोकांनी मत देऊन मोठ्या मालकाला विकलासुद्धा. जिभाऊंना हे शेवटचं पटलं नाही, विकायला नको होता म्हणाले. मला वाटतं त्यात चूक-बरोबर नाही, विकायचा का ठेवायचा हे ज्यांचा आहे त्यांनी ठरवलं एवढं महत्त्वाचं. एक्सिटर सिटी मात्र २००३ पासून आजपर्यंत लोकांच्याच ट्रस्टकडे आहे. त्यांच्यावर देणी इतकी होती की श्वास घेता येईना, आणि जानेवारी २००५ मध्ये एफए कपात नशिबाने मँचेस्टर युनायटेड समोर आली, त्यांच्या ओल्ड ट्रॅफर्ड ग्राउंडवर शून्य-शून्य बरोबरी, मग घरी दुसरी मॅच, हरले ०-२ ने, पण दोन मॅचच्या गल्ल्याने क्लब तरला. तेव्हा ते लीगच्याही बाहेर, पाचव्या पायरीवर खेळत होते.

जर्मनीत तर नियमच आहे, पन्नास अधिक एक म्हणतात, क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून एक मत जास्त राहिलंच पाहिजे, १९९८ पासून. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग असे कंपनीवाले अपवाद आहेत, त्यावरून वादही होतात. जिभाऊ म्हणाले हे तर आपल्या सोसायटीसारखं झालं, एक सभासद एक मत. बरोबर. आणि मग त्यांनीच मान हलवली, कारण खान्देशात सहकाराचं नाव काढलं की बंद पडलेला कारखाना आणि बुडालेली पतपेढी दोन्ही डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या सासूबाईंचे ठेवीचे पैसे असेच अडकलेत. मला यावर उत्तर नव्हतं. एवढंच म्हटलं की जिथे सभासदांनी सभेला जाणं बंद केलं तिथेच पहिली चोरी होते. ते म्हणाले, "मग तुमच्या क्लबच्या सभेला किती येतात?" मी सरांना फोन लावून विचारलं. मागची सभा कधी झाली ते सरांना आठवत नव्हतं.

दिवस चौथा, मंगळवार : धुळे

अमळनेरहून एसटीने धुळे. सरांनी रात्री उशिरा क्लबच्या रजिस्ट्रेशनचा फोटो पाठवला होता, त्यावरचा नंबर घेऊन ओळखीच्या वकील ताईंकडे गेलो. त्यांनी धर्मादाय आयुक्त कार्यालयातल्या रेकॉर्डची नक्कल आधीच काढून ठेवली होती, हे त्यांचे उपकार आहेत, फी घ्यायला पण तयार नव्हत्या.

नक्कल तीन पानी. क्लब १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या पब्लिक ट्रस्ट कायद्याखाली रजिस्टर आहे, म्हणजे आमच्या सरांनी तेव्हा काम पक्कं केलेलं. सात विश्वस्तांची नावं. त्यातली तीन माणसं वारली आहेत, एक सुरतेला गेलेत. माणूस बदलला की चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तो चौदा वर्षांत दिलेला नाही. आणि मग ताईंनी तिसरं पान माझ्यासमोर सरकवून बोट ठेवलं. स्थावर मालमत्ता: निरंक.

मी म्हटलं ताई, ग्राउंड? ग्राउंड आमचंच आहे, ज्यांची जमीन त्या आबांनी दिलंय, गावात लहान पोरालाही माहीत आहे. त्यांनी लॅपटॉपवर महाभूमीवरून पंधरा रुपये भरून सातबारा काढला. नाव आबांचंच. आबा जाऊन किती वर्षं झाली, वारसांची नोंदसुद्धा नाही. इतर हक्काच्या रकान्यात क्लबचा ‘क’ पण नाही. आबांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवून "खेळा रे पोरंहो" म्हटलं ते सगळ्या गावाने ऐकलं, पण बक्षीसपत्र कोणी केलंच नाही. आणि आमचं ग्राउंड आहे तो तुकडा सातबाऱ्यावर काय म्हणून आहे, तर पोटखराब. म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन.

मी तो शब्द बराच वेळ बघत बसलो. तिथे मी पहिल्यांदा हेडर मारायला शिकलो, तिथे माझा दात पडला, तिथे पावसाळ्यात चिखलात शाळा बुडवून खेळलोय आम्ही.

आता शेठचा ‘देखभाल’ शब्द समजायला लागला. क्लबकडे ग्राउंड नाहीच. उद्या वारसांनी शेठला जमीन विकली तर आम्ही कोण? वकील ताई म्हणाल्या, शेठचा हेतू वाईटच असेल असं धरू नका, पण कागद असा आहे की हेतू चांगला असला तरी तुमचं काही चालणार नाही. ग्राउंड संस्थेच्या नावावर असतं तर विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागली असती, ३६ कलम, कोणी एकटा उठून विकू शकला नसता. आता करायचं काय, तर आधी वारसनोंद, मग सगळ्या वारसांच्या सह्यांनी रजिस्टर बक्षीसपत्र, आणि जमिनीची नोंद शेतीची असल्यामुळे संस्थेच्या नावावर करायला त्याआधी सरकारी परवानगी. वेळ लागेल, पण होतं म्हणाल्या.

दुपारी पांझरेच्या पुलावरून चालत बस स्टँडकडे गेलो आणि डोक्यात सारखं इंग्लंडमधलं ‘बरी’ येत होतं. मँचेस्टरजवळचं बरी. १८८५ चा क्लब, १९०० आणि १९०३ असे दोन एफए कप, १९०३ ची फायनल ६-० ने जिंकलेली. डिसेंबर २०१८ मध्ये आधीच्या मालकाने क्लब नव्या मालकाला विकला, किंमत एक पाउंड. एक! आणि गिग लेन ग्राउंड तोवर कर्जापोटी गहाण पडलेलं. त्याच सीझनला खेळाडूंनी पगार थकलेले असताना क्लबला वरच्या डिव्हिजनमध्ये नेलं, हे मला कायम गलबलून टाकतं. पुढे देणी फेडायला पैसे आहेत हे नवा मालक लीगला दाखवू शकला नाही, नवीन घेणारे आले आणि मागे फिरले, आणि २७ ऑगस्ट २०१९ ला लीगने क्लबला काढून टाकलं, सव्वाशे वर्षांची मेंबरशिप गेली. त्या दिवशी सकाळी गावातले लोक झाडू, बादल्या घेऊन स्टेडियम साफ करायला गेले होते कारण त्यांना वाटत होतं आता मॅच होईल. खुर्च्या पुसत होते. संध्याकाळी क्लब नव्हता.

तेव्हा लोकांनी काय केलं? नवीन क्लब काढला, दुसऱ्यांच्या ग्राउंडवर खेळले, २०२२ मध्ये देणग्या आणि सरकारी मदत जमवून गिग लेन विकत घेतलं, मग जुन्या-नव्या गटांनी एकत्र यायचं तर पहिल्या मतदानात पुरेसं बहुमत मिळालं नाही, आपापसात वाद, २०२३ मध्ये परत मतदान झालं तेव्हा जमलं. त्या सीझनपासून बरी परत गिग लेनवर खेळतेय, कित्येक पायऱ्या खाली, पण घरच्या ग्राउंडवर. या सगळ्यातून मी एकच गोष्ट पक्की धरली आहे: टीम गेली तर टीम परत उभी राहते, पोरं दरवर्षी नवीन येतातच. ग्राउंड गेलं की पोरं कुठे येणार?

दिवस पाचवा, बुधवार : गाव

सकाळच्या बसने गावात. सर स्टँडवर उभे होते, हातात तीच जुनी शिट्टी, दोरी बदललेली. आधी ग्राउंडवर गेलो. गोलपोस्टचा डावा खांब खालून गंजलाय, निंबाच्या सावलीत पोरं बूट बांधत होती, एकाच्या बुटाला सायकलच्या ट्यूबची पट्टी. मी सातबाऱ्याची प्रिंट सरांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "माझी चूक आहे बेटा," म्हणाले. मी म्हटलं सर असं नका म्हणू, तुम्ही पस्तीस वर्षं पोरं घडवली, कागद बघायला आम्ही शिकलेली पोरं होतो ना, आम्ही काय केलं? आणि हे मी मनापासून लिहितोय, आमच्या बॅचमधले तीन जण वकील झालेत.

मीटिंग संध्याकाळी शाळेच्या वर्गात. साठेक माणसं आली, बाकांवर मावेनात. शेठ स्वतः आले होते आणि माणूस नीट बोलला, लहानपणी ते याच ग्राउंडवर खेळलेत. मी त्यांना सगळ्यांसमोर सातबारा दाखवला आणि म्हटलं तुमचा पैसा आम्हाला पाहिजे, खरंच पाहिजे, जर्सीवर तुमचं नाव अभिमानाने लावू, तीन वर्षांचा करार करू. पण कमिटी सभासदांनी निवडायची आणि ग्राउंड संस्थेच्या नावावर व्हायचं, त्यात तुम्ही आम्हाला मदत करा. ते म्हणाले विचार करून सांगतो. रागावले नाहीत, पण चहा न घेता गेले.

मग पोरांनी प्रश्न विचारले. एकाने विचारलं आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, एवढे करोडपती मालक आहेत तिथे तरी हे प्रश्न नसतील ना? मी सांगितलं, फुटबॉल फेडरेशनने २०१० मध्ये खेळाचे व्यावसायिक हक्क पंधरा वर्षांसाठी ७०० कोटींना दिले होते, करार संपत आला आणि पुढचं काही ठरेना म्हणून जुलै २०२५ मध्ये सीझनच थांबवला, काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. वर्गात एकदम शांतता झाली. मग लंडनच्या विम्बल्डन क्लबचं सांगितलं, मालकांनी क्लब उचलून लांबच्या मिल्टन कीन्सला न्यायचं ठरवलं, २००२ मध्ये परवानगी मिळाली, तर लोकांनी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, तिथल्याच मोकळ्या माळावर जाहीर ट्रायल घेऊन टीम निवडली, नवव्या पायरीपासून चढत २०११ मध्ये लीगमध्ये आले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाव लेनला, आपल्या जुन्या भागात, परत. माळावर ट्रायल म्हटल्यावर मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "मंग आपलं पन माळच शे ना." सगळ्यांनी वळून त्याच्याकडे बघितलं.

सभासद फी पाचशे ठरली, एक माणूस एक मत, पोरांना पन्नास. रात्री दहापर्यंत त्रेचाळीस पावत्या फाटल्या. चौथी पावती ग्राउंडसमोर भजी विकणाऱ्या मावशींची, त्यांनी दहा-दहाच्या नोटा मोजून दिल्या आणि सभेला खुर्ची मिळणार का ते विचारून घेतलं.

शेवटी आबांच्या घरी गेलो. मोठी माय आहेत अजून, नव्वदीच्या आसपास, कान गेलेत पण नजर पक्की. सरांनी मोठ्याने सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "पोरेस्नं ग्राउंड शे हाई. मी सही करसू." आणि पेन मागितला. त्यांना सांगावं लागलं की माय, एकट्या तुमच्या सहीने होत नाही, तिन्ही लेकरांची लागते. मोठा मुलगा घरातच होता, म्हणाला बाकीचे करतील तर मी करतो. सुरतेच्या लेकीला फोन लावला, तिने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली कधी यायचं तेवढं सांगा. धाकटा पुण्यात असतो, कोथरूडला. त्याला तीन वेळा फोन केला, रिंग गेली, उचलला नाही. तो आमच्याच टीमचा राइट बॅक होता, दहावीपर्यंत आम्ही दोघं दोन्ही कडांना खेळायचो. गेल्या दहा वर्षांत आम्ही पुण्यात एकदाही भेटलेलो नाही.

मोठ्या मायने निघताना कपाटातून आबांच्या वेळचा टूर्नामेंटचा फोटो काढून दिला, मागच्या रांगेत आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे आहोत. धुळ्याहून रात्रीच्या गाडीने पुण्याला निघालो तेव्हा तो फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर होता. त्याचा कोथरूडचा पत्ता मोठ्या भावाने लिहून दिलाय, रविवारी सकाळी जातोय.